टाचेला नेमका बसणारा पायमोजा

बाळंतविड्यात टोपडे, अंगडे, दुपटे यांच्याबरोबर लोकरीचे इवलेसे मोजे असतातच. मराठी घरांतील पुष्कळ स्त्रियांचा विणकामाशी पहिला परिचय याच मोज्यांच्या निमित्ताने होतो. दोन सुया, एखादा लोकरीचा गुंडा आणि चार-पाच संध्याकाळी एवढ्या भांडवलावर हे मोजे तयार होतात आणि बाळाच्या पायात शोभूनही दिसतात. परंतु तोच हात जेव्हा घरातल्या मोठ्या माणसासाठी मोजा विणू लागतो, तेव्हा बहुधा एकाच ठिकाणी अडतो. पोटरीवर मोजा ठीक बसतो, चवड्यावरही बसतो. टाचेवर मात्र एक तर त्याचा फुगा होतो किंवा तो ओढला जाऊन बुटात खाली सरकतो.

याचे कारण सोपे आहे. तान्हे बाळ चालत नाही. त्याच्या मोज्याला टाच जेमतेम असते आणि घोट्याशी नाडी बांधली की काम भागते. चालणाऱ्या माणसाचा मोजा ही निराळी वस्तू आहे. त्याला काटकोनात वळणारे पाऊल सामावून घ्यायचे असते आणि दिवसभराच्या हालचालीत जागच्या जागी राहायचे असते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत जसे मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीवरून कारागिराच्या हाताची पारख होते, तशी मोज्याची पारख त्याच्या टाचेवरून होते. ही टाच साधावी कशी, याची माहिती येथे दिली आहे.

कोकणात मोजे कशासाठी?

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन्ही तालुक्याची गावे उष्ण व दमट हवेची. येथे वर्षातील बराच काळ मोजा घालण्याची इच्छाच होत नाही. तरीही विणलेल्या मोज्याची गरज येथे नाही, असे म्हणता येणार नाही. मार्गशीर्ष-पौषात पहाटेची दिवा-रोहा गाडी गाठणाऱ्या प्रवाशाला, शहाबादी फरशीवर वावरणाऱ्या वृद्धांना, नव्या बाळंतिणीला आणि हिमालयाच्या यात्रेला निघालेल्या मंडळींना तो हवा असतो. परदेशी असलेल्या मुला-नातवंडांसाठी मोजे विणून पाठवणाऱ्या आज्याही आहेतच.

याखेरीज दोन वर्ग असे आहेत, की ज्यांच्या बाबतीत टाच नीट बसणे ही केवळ सोयीची गोष्ट राहत नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत जड सुरक्षा-बूट घालून पाळी करणारे कामगार हा पहिला वर्ग. बुटात मोज्याची चुणी पडली, तर आठ तासांत टाचेला फोड येतो. दुसरा वर्ग मधुमेहींचा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. टाचेखाली आलेली चुणी किंवा गाठ त्यांना टोचत नाही आणि न टोचल्यामुळेच ती जखम करून जाते. अशी जखम भरून यायला फार वेळ लागतो. ती चिघळली तर पाऊल गमावण्याचीही पाळी येते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी मोजा विणणाऱ्याने टाचेचा विचार सर्वांत आधी करावा.

मोज्याच्या टाचेचा पूर्वेतिहास

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. त्याचा काळ इ. स. २५० ते ४२० असा सांगितला जातो. हे मोजे दोन सुयांवर विणलेले नसून एकाच नेढ्याच्या सुईने, धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून केलेले आहेत. त्यांचा अंगठा वेगळा आहे, कारण ते पट्ट्यांच्या वहाणांबरोबर घालायचे होते. आपल्याकडे स्कूटरवर जाणाऱ्या स्त्रिया चपलेत जे अंगठ्याचे मोजे घालतात, त्यांची कल्पना किती जुनी आहे हे यावरून दिसते.

खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जुने मोजे इजिप्तमध्येच मिळाले. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे हे मोजे सुती असून त्यांवर निळ्या व पांढऱ्या धाग्यांची नक्षी आहे. पुढे युरोपात हातविणीच्या मोज्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १५८९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले आणि यंत्रविणीचा पाया घातला. आज आपल्याकडे लुधियाना हे यंत्रावर विणलेल्या कपड्यांचे मोठे केंद्र आहे आणि बाजारातील बहुतेक मोजे यंत्रावरचेच असतात.

सुयांवरचे विणकाम भारतात रुजले ते मुख्यतः युरोपीय लोकांच्या व मिशनरी शाळांच्या संपर्कातून. आपल्याकडे लोकर नव्हती असे मात्र नाही. भातकापणी झाली की देशावरचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणातील रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवतात. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. ती घोंगडीला उत्तम. पायाच्या नाजूक कातडीला मात्र ती बोचते. त्यामुळे मेंढ्या दारावरून जात असूनही मोज्यांची लोकर बाहेरूनच आणावी लागते.

टाच अवघड का?

मोजा म्हणजे एक नळी. पाय मात्र सरळ नळीसारखा नसतो. घोट्याशी तो काटकोनात वळतो. सरळ नळी वाकवली की आतल्या बाजूला, म्हणजे पावलाच्या वर, चुण्या पडतात आणि बाहेरच्या बाजूला, म्हणजे टाचेवर, कापड कमी पडते. टाच विणणे म्हणजे बाहेरच्या बाजूला जेवढे कापड कमी पडते, तेवढेच जादा विणून देणे.

हे जादा कापड किती, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पावलाच्या लांबीत सापडत नाही. एकाच लांबीची दोन पावले घेतली, तरी एकाचा वरचा भाग उंच आणि दुसऱ्याचा सपाट असू शकतो. दुकानात मोजा लांबीवर विकला जातो. यंत्राची वीण ताणली जात असल्याने तो कसाबसा बसतो. हाताने विणणाऱ्याला मात्र टाचेचा तिरका घेर मोजण्याची सोय असते. टाचेचे मागचे टोक आणि पाऊल जेथे पायाला मिळते तो पुढचा खळगा, या दोहोंवरून तिरकी फिरवलेली टेप म्हणजे हा घेर. तो चवड्याच्या घेरापेक्षा पुष्कळ मोठा, कित्येकदा एक-तृतीयांशाहूनही अधिक असतो. मोजा घालताना आणि काढताना याच जागेतून जावे लागते, आणि पाय वाकला की ताणही येथेच पडतो. मोजा नीट बसतो तो या मापामुळे.

मापे कशी घ्यावीत?

मापे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते. ज्याचे माप घ्यायचे, त्याने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. दोन्ही पावले मोजावीत आणि मोठे माप धरावे. पुढील चार मापे पुरेशी आहेत.

१. चवड्याचा घेर : बोटांच्या मुळांशी, पाऊल सर्वांत रुंद असते तेथे.

२. पावलाची लांबी : टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत. कागदावर पाऊल ठेवून दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करावी आणि अंतर मोजावे.

३. टाचेचा तिरका घेर : वर सांगितल्याप्रमाणे.

४. टाचेची उंची : घोट्याच्या हाडाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत.

मोजा पायाच्या मापाइतका विणला, तर तो सैल पडतो. विणलेले कापड थोडे ताणलेले असले, तरच ते पायाला धरून राहते. म्हणून घेरात सुमारे दहा टक्के आणि लांबीत एक ते दीड सेंटिमीटर कमी धरावे. टाचेच्या उंचीत मात्र काटकसर करू नये. मोजा खाली सरकण्याचे सर्वांत मोठे कारण टाच उथळ असणे हेच असते.

धागा आणि सुया

आपल्याकडे दुकानात जिला सरसकट ‘लोकर’ म्हणतात, ती पुष्कळदा अॅक्रिलिक असते. म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावा. शुद्ध लोकर लवचिक असते, ओलावा शोषून घेते आणि ओल शोषूनही लगेच गार लागत नाही. परंतु टाचेशी ती लवकर झिजते. त्यामुळे पंचाहत्तर टक्के लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉन असा मिश्र धागा मोज्यांसाठी सर्वांत योग्य मानला जातो. सुती धागा कोकणच्या हवेत सुसह्य वाटतो, पण त्याला अंगची लवचिकता नसते. धुतल्यानंतर आणि घामाने भिजल्यानंतर तो सैलावतो आणि टाच लोंबू लागते. सुती मोजाच हवा असेल, तर थोडे नायलॉन किंवा लवचिक तंतू मिसळलेला धागा निवडावा. अॅक्रिलिक स्वस्त व धुण्यास सोपे असते. मात्र बंद बुटात त्याने पाय घामेजतो.

पेण-रोह्यात सर्व प्रकारचे धागे मिळतीलच असे नाही. मुंबईत दादर व क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि पुण्यात तुळशीबाग-रविवार पेठेचा परिसर येथे निवड करायला वाव असतो. एका जोडासाठी बारीक, म्हणजे चार पदरी म्हणून मिळणारा, सुमारे शंभर ग्रॅम धागा आणावा. एकाच वेळी पुरेसा घ्यावा. नंतर आणलेल्या गुंड्याची रंगछटा जुळत नाही.

मोजा गोलाकार, शिवणीशिवाय विणण्यासाठी दोन्ही टोके निमुळती असलेल्या सुया लागतात. त्यांचा पाच सुयांचा संच मिळतो. चार सुयांवर टाके वाटायचे आणि पाचवीने विणायचे. निलगिरीतील केटी येथे तयार होणाऱ्या ‘पोनी’ सुया आपल्याकडे अनेकांच्या परिचयाच्या आहेत. चार पदरी धाग्यासाठी अडीच मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. मोज्याची वीण स्वेटरपेक्षा घट्ट हवी. सैल विणीचे टाके तळव्याला रुततात आणि लवकर विरतात.

आधी नमुना, मग मोजा

प्रत्येकाच्या हाताची ओढ निराळी असते. एकीच्या हातचे तीस टाके दहा सेंटिमीटर भरतात, तर दुसरीच्या हातचे सव्वीसच. म्हणून मोजा सुरू करण्यापूर्वी हाताएवढा चौकोनी तुकडा विणावा. तो धुऊन, वाळवून त्यावर दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. या तुकड्यासाठी दिलेली संध्याकाळ पुढच्या चार संध्याकाळी वाचवते.

येथे उदाहरणासाठी एका मध्यम आकाराच्या स्त्रीचे पाऊल धरले आहे. चवड्याचा घेर २१ सेंमी, लांबी २३ सेंमी, टाचेचा तिरका घेर २९ सेंमी. विणीचे माप : दहा सेंटिमीटरमध्ये ३० टाके आणि ४२ ओळी. घेरातून दहा टक्के वजा जाता सुमारे १९ सेंमी उरतात. त्याचे ५७ टाके होतात. चारने भाग जावा म्हणून ५६ धरले.

वरून विणत येणारा मोजा

सुरुवात : सैल हाताने ५६ टाके घालावेत. वरचा काठ २९ सेंटिमीटरपर्यंत ताणला गेला पाहिजे, नाहीतर मोजा टाचेवरून चढणारच नाही. हात घट्ट असेल, तर टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत व नंतर एक सुई काढून घ्यावी. चार सुयांवर प्रत्येकी १४ टाके वाटावेत, पीळ पडू न देता वर्तुळ जोडावे आणि दोन सुलट, दोन उलट या पट्टीने हवी तेवढी उंची विणावी. साधारणपणे पंधरा सेंटिमीटर पुरतात.

टाचेची पट्टी : आता निम्मे म्हणजे २८ टाके एका सुईवर घ्यावेत. उरलेले २८ पावलाच्या वरच्या भागाचे. ते तसेच थांबू द्यावेत. टाचेच्या टाक्यांवर पुढून-मागून सपाट विणायचे आहे. सुलट बाजूच्या ओळीत एक टाका न विणता उचलावा, पुढचा सुलट विणावा, असे शेवटपर्यंत करावे. उलट बाजूच्या ओळीत पहिला टाका न विणता उचलावा आणि बाकीचे सर्व उलट विणावेत. या पद्धतीने टाचेमागे दुहेरी जाडी येते आणि ती झिजत नाही. अशा २८ ओळी विणाव्यात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका उचललेला असल्यामुळे पट्टीच्या दोन्ही कडांना साखळीसारखे १४-१४ टाके दिसतील.

टाच वळवणे : ही पायरी पाहायला अवघड, करायला सोपी आहे. यात ओळी पूर्ण न विणता मधूनच परत फिरायचे असते, त्यामुळे कापडाला वाटीसारखा खोलगट आकार येतो. येथे ‘डावी जोड’ म्हणजे दोन टाके सुलटाप्रमाणे एकेक करून उजव्या सुईवर उचलावेत आणि मग मागील बाजूने एकत्र विणावेत.

पहिली ओळ (सुलट बाजू) : एक टाका उचलावा, १४ सुलट, एक डावी जोड, एक सुलट, काम फिरवावे. दहा टाके न विणलेले राहतील.

दुसरी ओळ : एक टाका उचलावा, ३ उलट, दोन टाके एकत्र उलट, एक उलट, फिरवावे. या बाजूलाही दहा टाके उरतील.

तिसरी ओळ : एक टाका उचलावा, ४ सुलट, डावी जोड, एक सुलट, फिरवावे.

चौथी ओळ : एक टाका उचलावा, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, फिरवावे.

असेच पुढे चालू ठेवावे. प्रत्येक ओळीत मधले टाके एकेकाने वाढतात. जेथून आपण परत फिरलो होतो तेथे एक बारीक फट दिसते. त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके दर वेळी जोडले जातात, हे ध्यानात ठेवले की मोजण्याचीही गरज पडत नाही. बाराव्या ओळीअखेर सर्व टाके संपतात आणि सुईवर १६ टाके उरतात.

बाजूची पाचर : उरलेले १६ टाके सुलट विणून घ्यावेत. टाचपट्टीच्या कडेच्या साखळीतून १४ टाके उचलावेत आणि कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून आणखी एक, असे १५ टाके होतात. थांबवून ठेवलेले वरचे २८ टाके विणावेत. दुसऱ्या कडेवरूनही १५ टाके उचलावेत. आता एकूण ७४ टाके झाले. ब्लाऊजच्या काखेत शिंपी जशी कळी घालतो, तशी ही पाचर टाचेच्या तिरक्या घेराला जागा करून देते.

यानंतर एक फेरी घटवण्याची आणि एक साधी, असे आळीपाळीने विणावे. घटवण्याच्या फेरीत वरचा भाग सुरू होण्यापूर्वीच्या तीन टाक्यांपैकी दोन एकत्र सुलट विणावेत व एक सुलट. वरचा भाग संपल्यावर एक सुलट व एक डावी जोड. दर घटीला दोन टाके कमी होतात. नऊ वेळा घट केल्यावर पुन्हा ५६ टाके येतात.

पाऊल व बोटे : पुढे टाचेच्या मागच्या टोकापासून साडेसतरा सेंटिमीटर होईपर्यंत तळवा सुलट विणावा, वरच्या भागावर हवी तर पट्टी तशीच चालू ठेवावी. मग दोन्ही बाजूंना बोटांची घट करावी. वरच्या आणि खालच्या प्रत्येक भागात सुरुवातीला एक सुलट व डावी जोड, शेवटी दोन एकत्र व एक सुलट. अशी घट सात वेळा एक फेरी सोडून आणि नंतर तीन वेळा प्रत्येक फेरीत केली की १६ टाके राहतात. त्यांचे आठ-आठ असे दोन भाग करून ते सुईदोऱ्याने, विणीसारखेच टाके घालत जोडावेत, म्हणजे बोटांवर शिवणीची कड येत नाही.

या सांध्याला इंग्रजीत लॉर्ड किचनर यांचे नाव आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि लॉर्ड कर्झन यांच्याशी झालेल्या वादामुळे आपल्याला इतिहासात भेटणारे तेच हे किचनर. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये, म्हणून हा सांधा त्यांच्या नावे प्रचारात आला, अशी आख्यायिका आहे.

पायाप्रमाणे टाच बदलावी

वरील आकडे एका पावलाचे आहेत. प्रत्येक पावलाला ते तसेच लागू होणार नाहीत आणि हातविणीचा खरा फायदा येथेच मिळतो. पावलाचा वरचा भाग उंच असेल, तर टाचेची पट्टी २८ ऐवजी ३२ ओळींची करावी. कडेला १६ साखळ्या मिळतील आणि पाचरीत एकूण टाके ७४ ऐवजी ७८ होतील. म्हणजे तिरक्या घेरात सव्वा सेंटिमीटरहून अधिक जागा वाढेल. पाऊल सपाट असेल, तर २४ ओळी पुरतात. तेव्हा एकूण ७० टाके होतील. पट्टीच्या दोन ओळी वाढवल्या की पाचरीचे दोन टाके वाढतात, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

टाचेचे आणखी दोन प्रकार प्रचलित आहेत. आखूड ओळींच्या टाचेत पट्टी व पाचर नसते. निम्म्या टाक्यांवर ओळी क्रमाने आखूड करत नेऊन पुन्हा वाढवल्या जातात. ही टाच दिसायला सुबक असते. पण तीत तिरक्या घेराला जादा जागा मिळत नसल्याने उंच पावलाला ती ओढते. अशा वेळी ती निम्म्याऐवजी साठ टक्के टाक्यांवर विणावी. दुसरा प्रकार मागाहून घालायच्या टाचेचा. यात टाचेच्या जागी निराळ्या रंगाचा धागा विणून ठेवतात, संपूर्ण नळी पुरी करतात आणि शेवटी तो धागा ओढून मोकळ्या झालेल्या टाक्यांवर टाच विणतात. इजिप्तच्या जुन्या सुती मोज्यांपैकी काहींत टाच अशीच मागाहून घातलेली दिसते. झिजलेली टाच उसवून नवी घालता येते, हा तिचा मोठा गुण.

दोष आणि उपाय

मोजा बुटात खाली सरकतो : टाचपट्टी आखूड झाली आहे. चार ओळी वाढवाव्यात. वरची पट्टी सैल असेल, तर चार टाके कमी करावेत.

टाचेमागे फुगा येतो : पट्टी लांब झाली आहे किंवा पावलाची लांबी जादा धरली आहे.

घोट्यापुढे कापड ताणले जाते : पाचरीला टाके कमी पडले आहेत. पट्टी वाढवावी किंवा घट दर तिसऱ्या फेरीत करावी.

पाचरीच्या कोपऱ्यात भोक राहते : कोपऱ्यातील जादा टाका उचलला गेला नाही, किंवा पुढच्या फेरीत तो पीळ देऊन विणला नाही.

टाच लवकर झिजते : टाचेपुरता त्याच रंगाचा बारीक नायलॉनचा धागा लोकरीबरोबर घेऊन विणावे.

मधुमेही आणि कामगारांसाठी विशेष

मधुमेहींसाठी विणताना धागा मऊ व फिक्या रंगाचा घ्यावा. जखम होऊन डाग पडला, तर फिक्या रंगावर तो चटकन दिसतो. वरच्या काठात रबर घालू नये. पोटरीवर वळ उठता कामा नये. धागा टाचेखाली किंवा तळव्याखाली जोडू नये. टोके वरच्या भागात, पायापासून दूर असलेल्या बाजूला गुंतवावीत. विणून झाल्यावर मोजा उलटा करून आतून बोट फिरवावे. बोटाला जे लागेल ते पावलाला लागणारच. असा मोजा दररोज बदलावा आणि रात्री काढल्यावर तळवे नीट पाहावेत. पायावर जखम किंवा लाली दिसली तर घरगुती इलाज न करता डॉक्टरांना दाखवावे. मोजा ही काळजी आहे, उपचार नव्हे.

कारखान्यात सुरक्षा-बुटांबरोबर घालायचा मोजा बूट घालूनच पारखावा. बूट मोजण्याआधी विणलेला जाड मोजा बूट घट्ट करतो आणि फोड टाळण्याऐवजी आणतो. रासायनिक कारखान्यांत काही ठिकाणी स्थिर विजेचा धोका टाळणारे बूट दिलेले असतात. तेथे जाड मोजा वापरण्यापूर्वी सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे.

निगा

लोकरीचा मोजा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. कढत पाण्याने आणि चोळण्याने लोकर आटते व घट्ट होते. पिळण्याऐवजी जुन्या पंचात गुंडाळून दाबावा आणि सावलीत सपाट वाळत घालावा. पावसाळ्यात पेण-रोह्याच्या हवेत कपाटातल्या लोकरीला बुरशी व कसर दोन्ही लागतात. म्हणून ज्येष्ठ संपण्यापूर्वी मोजे धुऊन, पूर्ण वाळवून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि अधूनमधून ऊन पडले की बाहेर काढावेत.

पहिला मोजा विणून झाला की तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या पायात घालावा, त्याला घरभर दहा मिनिटे चालायला सांगावे आणि मगच टाच पाहावी. ती जागची हलली नसेल, तर ओळींचे व टाक्यांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत, दुसरा मोजा त्याच आकड्यांवर विणावा. पुढच्या वर्षी त्याच पायासाठी विणताना पुन्हा टेप शोधावी लागणार नाही.